जोडताऱ्यांचे वेध आणि त्यांचीं टिपणें

(१)

जुन्या कागदपत्रांस वाहिलेल्या या पानांत ताऱ्यांविषयींचा लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. पोथ्या आणि दप्तरें जमविणारांचा दुर्बिणीशीं संबंध काय, असें ते सहजच विचारतील. त्यांस आरंभींच सांगणें बरें कीं, या लेखाचा विषय तारे हा असला तरी त्याचें मर्म टिपण हें आहे. कोणी तरी एका रात्रीं आकाशांत जें पाहिलें तें कागदावर उतरविलें. तो कागद टिकला. आणि पुढें एक-दोन पिढ्यांनीं तोच कागद एका मोठ्या प्रश्नाचा निर्णय करणारा पुरावा ठरला, असे प्रसंग ज्या शास्त्रांत एकाहून अधिक वेळां घडले आहेत तें शास्त्र इतिहाससंशोधकांस परकें वाटूं नये.

ज्योतिःशास्त्राच्या कित्येक शाखांत नवा वेध आला म्हणजे जुना निरुपयोगी होतो. चंद्रावरील एखाद्या पर्वताची उंची आज अधिक सूक्ष्मपणें मोजतां आली, तर दोनशें वर्षांपूर्वींचें माप कोणी विचारीत नाहीं. जोडताऱ्यांचें तसें नाहीं. हे तारे एकमेकांभोंवतीं फिरतात, आणि एक फेरा पुरा होण्यास कोणास पन्नास, कोणास दोनशें, तर कोणास हजार वर्षेंहि लागतात. मनुष्याचें आयुष्य त्या मानानें तोकडें. सबब एका पिढीनें लिहून ठेवावें, दुसरीनें त्यांत भर घालावी व तिसरीनें निष्कर्ष काढावा, असाच या विद्येचा क्रम आहे. जो काळ लोटला त्या काळचा वेध आज कितीहि उत्तम यंत्रानें घेतां येत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय शाळेंत संस्कृत शिकविण्याचा. चार इंची दुर्बिणीचा नाद त्यास तीस वर्षांहून अधिक काळ जडलेला आहे. त्या नादांत हातून घडलेली एक चूकहि पुढें सांगावयाची आहे. ती वाचकांस ओळखीची वाटेल असा भरंवसा आहे.

(२)

विवाहप्रसंगीं वधूवरांस अरुंधती दाखविण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. सप्तर्षींच्या चौकोनाबाहेरील तीन ताऱ्यांपैकीं मधला तो वसिष्ठ, व त्यास लगटून असलेला मंद तारा ती अरुंधती. सूक्ष्म वस्तु एकदम दृष्टीस पडत नाहीं, म्हणून आधीं तिच्याजवळची स्थूल वस्तु दाखवावी व तिच्या आधारानें दृष्टि सूक्ष्माकडे न्यावी, यास शास्त्रकार अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. दुर्बिणीनें हा न्याय आणखी एक पायरी पुढें नेला. वसिष्ठ व अरुंधती यांच्यांत सुमारें १२ कलांचें अंतर आहे. चांगल्या डोळ्यांस तीं निराळीं दिसतात. परंतु दोन-तीन इंची दुर्बीण वसिष्ठाकडे लावली म्हणजे खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा बनलेला आहे असें दिसून येतें. त्या दोघांतील अंतर साडेचौदा विकलांच्या आसपास आहे. अंशाचा साठावा भाग कला व कलेचा साठावा भाग विकला, हीं आपल्या सिद्धांतग्रंथांतील मानेंच येथें चालतात. नवीं शिकावीं लागत नाहींत.

वसिष्ठ दुहेरी असल्याचा शोध रिच्चोली या इटालियन ज्योतिष्यानें इ. स. १६५० च्या सुमारास लाविला, असें पुस्तकांतून दीर्घकाळ छापलें जात होतें. पुढें गॅलिलिओच्या स्वतःच्या कागदांचें बारकाईनें वाचन झालें, तेव्हां निराळेंच उघड झालें. त्याचा शिष्य कास्तेल्ली यानें १६१७ सालींच या ताऱ्याकडे पाहण्याविषयीं त्यास लिहिलें होतें, आणि गॅलिलिओनें त्याच वर्षीं त्या दोन ताऱ्यांतील अंतर १५ विकला म्हणून टिपून ठेविलें होतें. छापील परंपरेहून मूळ हस्तलिखित अधिक प्रमाण, हा धडा या विद्येच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

(३)

जवळजवळ दिसणारे दोन तारे नेहमींच एकमेकांचे सोबती असतात असें नाहीं. एक जवळ व दुसरा त्याच्या पाठीमागें फार लांब, परंतु आपल्या दृष्टिरेषेंत दोघेहि आल्यामुळें शेजारी भासतात, अशाहि जोड्या आहेत. त्यांस भासमान जोड्या म्हणावें. ज्या दोघांस परस्परांचें आकर्षण बांधून ठेवितें व जे एका मध्याभोंवतीं फिरतात, ते खरे सहचर. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांची समजूत अशी होती कीं, सगळ्याच जोड्या भासमान आहेत. १७६७ सालीं मिचेल नांवाच्या इंग्रज विद्वानानें गणितानें दाखविलें कीं, इतके तारे निव्वळ योगायोगानें जोडीजोडीनें दिसणें अत्यंत असंभाव्य आहे. पण तें अनुमान झालें. प्रत्यक्ष प्रमाण पाहिजे होतें.

तें प्रमाण विल्यम हर्शेल यानें दिलें. हा मूळचा वाद्यवादक. बाथ येथें ऑर्गन वाजवून उपजीविका करी व रात्रीं स्वतः घांसलेल्या आरशांच्या दुर्बिणींतून आकाश पाही. १७८२ सालीं त्यानें २६९ जोडताऱ्यांची व १७८५ सालीं आणखी ४३४ जोड्यांची यादी प्रसिद्ध केली. वीस-पंचवीस वर्षांनीं त्याच जोड्या पुन्हां मोजतां त्यास कित्येकांची दिशा पालटलेली आढळली, आणि १८०३ सालीं त्यानें पुराव्यानिशीं मांडलें कीं, हे तारे खरोखरच परस्परांभोंवतीं फिरत आहेत. न्यूटनचा आकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरहि चालतो असें मानण्यास येथून आधार मिळाला.

या सिद्धांतांत एका जुन्या टिपणाचा वांटा आहे. आपल्या पुनर्वसूंतील कॅस्टर हा तारा दुहेरी आहे. हर्शेलजवळ स्वतःचीं मापें होतीं तीं सुमारें तेवीस-चोवीस वर्षांचीं. गति मंद असल्यामुळें तेवढा काळ अपुरा वाटत होता. त्या वेळीं ग्रिनिचचे राजज्योतिषी मॅस्केलीन यांनीं त्यास एक जुनी नोंद कळविली. ब्रॅडली यानें १७५९ च्या सुमारास कॅस्टर पाहून लिहिलें होतें कीं, या जोडीस जोडणारी रेषा कॅस्टर व पोलक्स या दोन ताऱ्यांस जोडणाऱ्या रेषेशीं समांतर दिसते. ब्रॅडलीनें कोन मोजला नव्हता. यंत्राचा आंकडा दिला नव्हता. परंतु जी तुलना त्यानें दिली ती अशा दोन ताऱ्यांशीं कीं, ते कोणासहि केव्हांहि पाहतां येतात. त्या एका ओळीमुळें हर्शेलचा काळ एकदम वीस वर्षांनीं मागें लांबला, आणि गति निःसंशय ठरली.

ब्रॅडलीची अशीच दुसरी ओळ कन्या राशींतील गॅमा या ताऱ्याविषयींची आहे. १७१८ सालीं त्यानें आपला मामा पाउंड याजबरोबर तो पाहिला व जोडीची रेषा त्याच राशींतील अल्फा आणि डेल्टा या ताऱ्यांच्या रेषेशीं समांतर असल्याचें लिहून ठेविलें. यांतील अल्फा म्हणजे आपली चित्रा. सूर्यसिद्धांतांत चित्रेच्या उत्तरेस अपांवत्स व त्याच्याहि उत्तरेस आप असे दोन तारे सांगितले आहेत. त्यांपैकीं आप तो हा डेल्टा असें मानितात. शंभरांहून अधिक वर्षांनीं विल्यमचा पुत्र जॉन हर्शेल याजला या जोडीची कक्षा गणावयाची होती, तेव्हां त्यानें याच ओळीवरून १७१८ सालचा कोन काढून घेतला. जी ओळ लिहितांना लिहिणारास तिचा उपयोगहि ठाऊक नव्हता, ती अशा रीतीनें कक्षेच्या गणितांत पायाचा दगड होऊन बसली.

(४)

आतां हे वेध घरच्या घरीं कसे घेतात तें थोडक्यांत सांगतों. दुर्बिणीच्या पुढील मोठ्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितका अधिक, तितके जवळचे तारे ती सोडवून दाखविते. इंग्लंडांतील धर्मोपदेशक डॉझ यांनीं अनेक दुर्बिणींचा अनुभव घेऊन यासाठीं एक नियम बसविला. ४.५६ या आंकड्यास इंचांतील व्यासानें भागावें. भागाकार येईल तितक्या विकलांची जोडी त्या दुर्बिणींत सुटते. या हिशेबानें तीन इंची दुर्बिणीस दीड विकला, चार इंचीस १.१४ व सहा इंचीस ०.७६ विकला ही मर्यादा येते. मात्र दोन्ही तारे सारख्या व बेताच्या तेजाचे असले तरच हा नियम लागतो. एक झगझगीत व दुसरा अगदीं मंद असला म्हणजे अंतर कित्येक पट अधिक असूनहि मंद तारा तेजांत बुडून जातो. व्याधाचा सहचर हें याचें प्रसिद्ध उदाहरण आहे.

शहरांतील दिव्यांमुळें आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे, हें खरें. परंतु जोडताऱ्यांस त्या उजेडाची फारशी बाधा नाहीं, चांदण्याचीहि नाहीं. त्यांस बाधा होते ती हवेच्या अस्थिरतेची. तापलेल्या गच्चीवरून ऊन हवेचे झोत उठत असले म्हणजे तारा उकळत्या पाण्यांतील मण्यासारखा थरथरतो. म्हणून दुर्बीण आधीं तासभर बाहेर ठेवून निवूं द्यावी, व मध्यरात्रीनंतरची शांत हवा पाहावी. तशा हवेंत दीडशें-दोनशें पटींचें भिंग लाविलें तर तारा बारीक वाटोळ्या ठिपक्यासारखा व भोंवतीं एक-दोन नाजूक कडीं असा दिसतो. असे दोन ठिपके अलग दिसले कीं जोडी सुटली.

जोडीविषयीं दोन गोष्टी टिपावयाच्या असतात: अंतर व दिशा. तेजस्वी तारा मध्यें कल्पून तेथून उत्तरेकडे एक रेषा न्यावी. त्या रेषेपासून पूर्वेच्या अंगानें फिरत सहचरापर्यंत जो कोन होतो तो स्थितिकोन. दुर्बिणींत दिशा उलटसुलट होतात. तरी त्या ओळखण्याची युक्ति सोपी आहे. दुर्बीण स्थिर ठेवावी. तारा ज्या बाजूनें दृष्टिक्षेत्राबाहेर जातो ती पश्चिम. मग दुर्बीण किंचित् ध्रुवाकडे ढकलावी. नवे तारे ज्या बाजूनें आंत शिरतात ती उत्तर. डोळ्याकडील भिंगाआधीं काटकोनांत वळविणारा आरसा लाविलेला असेल तर डावेंउजवें पालटतें. म्हणून आरसा होता कीं नव्हता हें टिपणांत अवश्य लिहावें.

अंतर मोजण्यास डोळ्याकडील भिंगांत कोरलेली बारीक पट्टी पुरते, व त्या पट्टीचें मान आकाशच ठरवून देतें. विषुववृत्ताजवळचा तारा पृथ्वीच्या फिरण्यामुळें एका सेकंदांत १५ विकला सरकतो. पन्नास भागांची पट्टी असा तारा ४० सेकंदांत ओलांडीत असेल, तर सारी पट्टी ६०० विकलांची व तिचा एक भाग १२ विकलांचा झाला. विषुववृत्तापासून जो जो दूर जावें तो तो ही गति कमी होते. वसिष्ठाच्या ठिकाणीं ती साडेआठ विकलांहून थोडीच अधिक भरते. एकच माप दहा वेळां घेऊन सरासरी काढावी, आणि दहाहि मापें वहींत राहूं द्यावीं. न जुळणारें माप खोडून टाकण्याचा मोह फार होतो. परंतु पाठभेद गाळून केलेल्या प्रतीची जी किंमत तीच अशा वहीची.

नवशिक्यानें वसिष्ठापासून आरंभ करावा. त्यानंतर वृश्चिकांतील बीटा, म्हणजे अनुराधेच्या ताऱ्यांपैकीं उत्तरेकडचा. याचें अंतर साडेतेरा विकलांहून किंचित् अधिक आहे. मग पुनर्वसूंतील कॅस्टर, अंतर पांच विकलांहून थोडें अधिक. दक्षिणेकडे नरतुरंगांतील मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, हा पुण्याहून क्षितिजापासून सुमारें अकरा अंशच वर चढतो. परंतु दक्षिणेकडची बाजू मोकळी असेल तर उन्हाळ्याच्या आरंभीं त्याची सोनेरी जोडी अवश्य पाहावी. हा तारा दुहेरी असल्याचा शोधहि हिंदुस्थानांतच लागला. रिशो नांवाचा फ्रेंच जेसुइट पाद्री १६८९ च्या डिसेंबरांत पाँडिचेरी येथें धूमकेतु पाहत असतां त्यास तो आढळला. या दोन सूर्यांचा फेरा सुमारें ८० वर्षांचा आहे.

(५)

आतां माझ्या चुकीची हकीकत. वर ज्याचा उल्लेख केला तो कन्येंतील गॅमा हा माझा आवडता तारा. त्याचे दोन्ही घटक जवळजवळ सारख्या तेजाचे असून त्यांचा फेरा सुमारें १६९ वर्षांचा आहे. कक्षा फार लांबट असल्यामुळें ते बहुतेक काळ एकमेकांपासून दूर असतात, व थोड्या वर्षांपुरते एकदम जवळ येऊन जातात. १८३६ च्या आरंभीं इंग्लंडांत बेडफर्ड येथें कॅप्टन स्मिथ यांनीं आपल्या ५.९ इंची दुर्बिणींतून पाहिलें, तों त्यांस हा तारा एकेरी दिसला. पुन्हां तो योग २००५ सालीं आला.

मी १९९४ सालीं तो प्रथम पाहिला, तेव्हां दोन तारे स्पष्ट सुटे होते आणि त्यांची रेषा जवळजवळ पूर्वपश्चिम होती. वर्षावर्षानें ते जवळ येत गेले. २००५ सालीं माझ्या दुर्बिणींत एकच ठिपका राहिला. कितीहि पटींचें भिंग लाविलें तरी दुसरा दिसेना. पुढें ते पुन्हां अलग होऊं लागले, आणि आज त्यांत तीन विकलांहून अधिक अंतर पडलें असून रेषा जवळजवळ दक्षिणोत्तर झाली आहे. ज्यास अचल म्हणून वंदन करावयाचें त्या आकाशांत एका माणसाच्या डोळ्यांदेखत एवढा पालट झाला!

या सर्व काळांतील टिपणें मजपाशीं आहेत. त्यांतील एका पानावर फाल्गुनांतील तिथि आहे, वार आहे, वेळ आहे, भिंगाची पट आहे, हवेचें वर्णन आहे, आणि जोडीविषयीं लिहिलें आहे कीं, "दोन मणी एकमेकांस टेंकलेले, मधें अंधाराची रेघ क्षणमात्र." शक मात्र नाहीं. वही सुट्या पानांची. पानें मागेंपुढें झालेलीं. पेशवेकाळीन पत्रांत चंद्र असतो व साल नसतें म्हणून ज्यानें विद्यार्थ्यांपुढें वर्षानुवर्षें हळहळ व्यक्त केली, त्यानेंच हें पान लिहिलेलें.

जंत्री काढून तिथि आणि वार यांचा मेळ घातला. दोन वर्षें जुळलीं: २००९ आणि २०१२. तेव्हां ताऱ्यासच विचारलें. प्रसिद्ध कक्षेप्रमाणें २००९ सालीं अंतर सव्वा विकलेच्या आसपास होतें, म्हणजे चार इंची दुर्बिणीच्या मर्यादेस लागून. २०१२ सालीं तें पावणेदोन विकलांच्या आसपास गेलें होतें. टेंकलेले मणी पहिल्या वर्षाशीं जुळतात, दुसऱ्याशीं नाहीं. पान २००९ चें ठरलें, आणि मला क्षणभर मोठा आनंद झाला.

तो आनंद टिकला नाहीं. कारण ज्या टिपणाचा काळ ताऱ्याच्या कक्षेवरून ठरविला, तें टिपण त्याच कक्षेस साक्ष म्हणून उभें करतां येत नाहीं. शिलालेखाचा काळ राजावरून ठरवावा आणि मग राजाचा काळ शिलालेखावरून, असला तो अन्योन्याश्रय होईल. पान सांपडलें, पण पुरावा गेला. केवळ चार अंक लिहावयाचे राहिले म्हणून एक चांगली शांत रात्र हिशेबांतून वजा झाली. पोथीस पुष्पिका नसावी आणि आंतील मजकूर उत्तम असावा, तसें हें झालें. तेव्हांपासून मी आधीं पुष्पिका लिहितों, मग दुर्बिणीस डोळा लावितों.

(६)

या विद्येचा पुण्याशीं जो संबंध आहे तो येथें सांगितलाच पाहिजे. मुंबईच्या इंजिनियर पलटणींतील कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनीं १८४२ सालीं पुण्यास स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. सिंधमधील जेकबाबाद ज्यांच्या नांवानें वसलें ते जॉन जेकब यांचे हे धाकटे बंधु. जन्म १८१३ चा. कंपनी सरकारची नोकरी सोडून त्यांनीं ज्योतिषास वाहून घेतलें. डॉलंडच्या कारखान्यांतील पांच फूट नळीची दुर्बीण हें त्यांचें साधन. तेवढ्यावर त्यांनीं पुण्यास २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले व ती यादी १८४८ सालीं लंडनच्या राजकीय ज्योतिषसंस्थेस सादर केली. त्यांपैकीं कित्येकांच्या कक्षाहि गणिल्या. अनुराधेजवळ वृश्चिकांतील न्यू हा तारा आहे. तो दुहेरी असल्याचें ठाऊकच होतें. त्याचा मंद घटकहि पुन्हां दुहेरी आहे असें जेकब यांस १८४७ सालीं आढळलें. त्याच सुमारास अमेरिकेंत सिनसिनाटी येथें मिचेल यांनींहि तेंच पाहिलें. दोन स्वतंत्र साक्षीदारांनीं एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट सांगावी, यापरता भक्कम पुरावा कोणता?

१८४८ च्या अखेरीस जेकब मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख नेमले गेले. तेथेंहि त्यांनीं जोडताऱ्यांचें काम सोडलें नाहीं. १८५५ सालीं त्यांनीं भुजंगधारी राशींतील ७० क्रमांकाच्या ताऱ्याविषयीं एक निबंध लिहिला. ही जोडी हर्शेलनें १७७९ सालीं प्रथम नोंदली. तिचा फेरा सुमारें ८८ वर्षांचा. जेकब यांस दिसून आलें कीं, मोजलेलीं स्थानें व गणितानें आलेलीं स्थानें नीट जुळत नाहींत. त्यावरून त्यांनीं तर्क केला कीं, या जोडींत न दिसणारा एखादा ग्रह असावा व त्याच्या ओढीमुळें ही विसंगति पडत असावी. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्यास ग्रह असल्याचें वेधांच्या आधारें मांडण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयत्न होय.

तर्क सुंदर होता, पण टिकला नाहीं. १८९६ सालीं अमेरिकन ज्योतिषी सी यांनीं तो पुन्हां मोठ्या जोरानें मांडला. १८९९ सालीं मोल्टन यांनीं गणितानें दाखविलें कीं, सी यांनीं कल्पिलेली व्यवस्था त्या जोडींत स्थिर राहूंच शकत नाहीं. पुढील वेधांतहि त्या ग्रहास आधार मिळाला नाहीं. विसंगतीचें मूळ मापांतील बारीक चुकांत होतें. याउलट व्याधाची गोष्ट पाहावी. १८४४ सालीं बेसेल यानें व्याधाच्या वांकड्या गतीवरून त्यास एक अदृश्य सहचर असल्याचें अनुमान केलें. १८६२ च्या जानेवारींत क्लार्क यांस तो सहचर नव्या मोठ्या दुर्बिणींतून प्रत्यक्ष दिसला. दोघांचाहि तर्क एकाच जातीचा. एकास पुढील साक्ष मिळाली, दुसऱ्यास मिळाली नाहीं.

यावरून जेकब यांस कमी लेखण्याचें कारण नाहीं. त्यांनीं मापें एकीकडे लिहिलीं व तर्क दुसरीकडे. तर्क पडला तेव्हां मापें त्याच्याबरोबर पडलीं नाहींत. तीं त्या त्या वर्षाचीं म्हणून कक्षेच्या गणितांत आजहि घेतां येतात. तर्कास जुळावीं म्हणून त्यांनीं मापांस किंचितहि वांकविलें असतें, तर दोन्हीहि गेलीं असतीं. अस्पष्ट अक्षराच्या जागीं आपल्यास योग्य वाटलेला पाठ गुपचूप घालणारा नकलनवीस आणि मूळ अक्षर जसेंच्या तसें काढून समासांत आपली सूचना लिहिणारा नकलनवीस, या दोघांत जो भेद तोच हा.

जेकब यांचा शेवट चटका लावणारा आहे. प्रकृति खालावल्यामुळें १८५९ सालीं त्यांनीं मद्रासचें काम सोडलें. परंतु पुण्याकडील डोंगरावर उंच हवेंत वेधशाळा उभारण्याचा त्यांचा बेत होता. त्यासाठीं नऊ इंची दुर्बीण त्यांनीं स्वतः विकत घेतली होती. ८ ऑगस्ट १८६२ रोजीं ते मुंबईस उतरले, पुण्यास पोंचले, आणि १६ ऑगस्ट रोजीं वारले. ज्या डोंगरावरून जे वेध घ्यावयाचे ते कोणीच घेतले नाहींत. त्या काळचें आकाश त्या ठिकाणाहून कायमचें अलिखित राहिलें.

(७)

आज हें काम संपलें आहे काय? वॉशिंग्टन येथील अमेरिकन नौदलाची वेधशाळा जगांतील जोडताऱ्यांची मुख्य यादी ठेविते. तींत दीड लक्षांहून अधिक जोड्या आहेत, व प्रत्येकीपुढें पहिल्या आणि अखेरच्या वेधाचें वर्ष दिलेलें असतें. कित्येक जोड्यांपुढें अखेरचें वर्ष फार जुनें आहे. त्यानंतर त्यांकडे कोणी पाहिलेलें नाहीं. युरोपियनांच्या गाया या यानानें २०१४ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत आकाशाचीं अतिसूक्ष्म मापें घेतलीं; तरी अत्यंत तेजस्वी ताऱ्यांच्या जोड्या त्याच्या आटोक्याबाहेर राहिल्या. शिवाय यानाचा काळ दहा-अकरा वर्षांचा. दोनशें वर्षांच्या फेऱ्यांतील तेवढा तो एक तुकडा. मागचा तुकडा जुन्या वह्यांतूनच यावयाचा, व पुढचा जे आज लिहितील त्यांच्या वह्यांतून.

हें लिहिणारे पोटासाठीं ज्योतिषी असावे लागतात असेंहि नाहीं. शिकागोचे बर्नहॅम हे दिवसा न्यायालयांत लघुलेखन करीत. रात्रीं घरच्या सहा इंची दुर्बिणींतून त्यांनीं जे नवे जोडतारे शोधले, त्यांतील ८१ ची पहिली यादी १८७३ सालीं छापली गेली. आपल्याकडेहि हौशी लोक थोडे नाहींत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें काम करीत आहे. अशा मंडळींपैकीं कोणी निवर्तला म्हणजे दुर्बीण विकली जाते, पुस्तकें वांटलीं जातात, आणि वह्या रद्दींत जातात. त्या वह्यांत सुबक अक्षर नसतें, चित्रें ओबडधोबड असतात, घरच्यांस त्यांचा अर्थ लागत नाहीं. जीर्ण दप्तरांचीही हीच गत होत होती, आणि तीं वांचविणारे लोक या त्रैमासिकाच्या वाचकांतलेच होते.

त्यांस माझी विनंती दोन शब्दांची आहे. जुन्या बाडांत ताऱ्यांचीं ठिपक्याठिपक्यांचीं चित्रें व त्यांशेजारीं तिथिवार लिहिलेलें पान आढळलें, तर तें फेंकूं नये. त्यावर काय आहे हें जाणत्यास दाखवावें. आणि ज्यांच्या घरीं लहानशी दुर्बीण आहे त्यांनीं आज रात्रींच एखादी जोडी पाहून जें दिसेल तेवढेंच, न दिसेल तें "दिसलें नाहीं" असें, लिहून ठेवावें. वर शक आणि सन दोन्ही घालावेत.